‘अपुनर्भव’ भट्टीतला की मोक्षातला? किमयेचा इतिहास वाचायचा कसा

मोहफूल

श्रावणात गावोगावी नवनाथांची पारायणं बसतात. मच्छिंद्रनाथांच्या झोळीतली सोन्याची वीट गोरखनाथ फेकून देतो आणि वर डोंगरच सोन्याचा करून दाखवतो, हा अध्याय झाला की पारावर हमखास दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, जुन्यांना सोनं करता येत होतं, विद्या लोपली. दुसरा म्हणतो, सोनं म्हणजे आत्मज्ञान, पारा म्हणजे चंचल मन, सगळं रूपक आहे. किमयागार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नागार्जुनाच्या रामटेकच्या टेकडीचा विषय निघाला की हेच दोन पक्ष नव्यानं उभे राहतात.

गंमत म्हणजे युरोपातही हाच फड रंगला होता. १८५० मध्ये मेरी ॲन ॲटवूड यांनी किमया ही मुळात आत्मोन्नतीची साधना होती असं पुस्तक काढलं (आणि फार गुपित फोडलं म्हणून बापलेकीनं त्याच्या प्रती परत गोळा करून जाळल्या). १८५७ मध्ये अमेरिकेत एथन ॲलन हिचकॉक यांनी ‘किमयागाराचा खरा विषय माणूस’ असं मांडलं. १९४४ मध्ये मानसशास्त्रज्ञ युंगनं भट्टीत दिसणारे रंग आणि राजे-राण्या म्हणजे मनाचं प्रक्षेपण ठरवलं. १९५६ मध्ये धर्मांचा अभ्यासक एलियादनं लोहार, खाण आणि किमया यांना एका पवित्र सूत्रात ओवलं. दुसऱ्या बाजूला रसायनशास्त्राचे जुने इतिहासकार किमयेला फसलेलं रसायनशास्त्र म्हणून एका प्रकरणात उरकायचे. १९९० नंतर विज्ञानाचे इतिहासकार लॉरेन्स प्रिन्सिपे आणि विल्यम न्यूमन यांनी दोन्ही बाजूंना धरलं: कृती करून पाहा, मग बोला.

आपले रसग्रंथ, म्हणजे पारा-धातूंवरचे जुने संस्कृत ग्रंथ, वाचताना यातलं किती धरायचं? मतं भरपूर ऐकली आहेत. ग्रंथातली जागा दाखवून बोलावं ही विनंती.

पैनगंगाकाठ

प्रिन्सिपेंचं म्हणणं त्यांच्या अँटिमनीच्या काचेवरून नीट कळतं, म्हणून तेवढं सविस्तर लिहितो.

बॅसिल व्हॅलेंटाइन या किमयागाराच्या नावावर चालणाऱ्या ग्रंथात अँटिमनीची सोनेरी, पारदर्शक काच करायची कृती आहे. अँटिमनीचं सल्फाइड खनिज बारीक कुटायचं, मंद आचेवर सारखं ढवळत गंधक उडवून राखाडी भुकटी करायची. आच थोडी चढली की ५५० अंशांच्या आसपास खनिजच वितळतं, गोळे बांधतं आणि आतला गंधक आतच राहतो. पुन्हा कुटा, पुन्हा भाजा. पुढे ती राख मुशीत वितळवून ताटलीवर ओतायची.

प्रिन्सिपेंनी शुद्ध रसायन घेऊन हे केलं तेव्हा हाती आला तो करडा, अपारदर्शक गाळ. काच काही होईना. मग ग्रंथात म्हटल्याप्रमाणे पूर्व युरोपातलं खनिज घेतलं आणि काच झाली. त्या दगडात थोडी गार होती, म्हणजे सिलिका. शुद्ध मालात चिमूटभर सिलिका टाकली तरी तीच सोनेरी काच उतरली. त्याच ग्रंथात पुढे काचेतून शिरका वापरून लाल अर्क काढायचा आहे. तो लाल रंग अँटिमनीचा नव्हता, लोखंडी अवजारांतून उतरलेल्या लोहाचा होता.

यावरून निघतं काय? लिहिणाऱ्यानं हे हातानं केलं होतं. त्याचा सिद्धांत चूक होता, पण डोळे बरोबर पाहत होते. केवळ मनाचं प्रक्षेपण असतं तर चारशे वर्षांनी दुसऱ्याच्या मुशीत तोच रंग आला नसता.

अवांतर: मशीची माती कुठली हा प्रश्नही याच जातीचा. मनसर-कांद्रीच्या पट्ट्यात मँगनीज आहे. काचेत मँगनीज जास्त झालं की जांभळी छटा येते. जुन्या ग्रंथात मुशीसाठी अमुकच माती सांगितली असेल तर ती सोवळ्याओवळ्याची बाब समजून पुढे जाऊ नये.

(‘मशीची’ नव्हे, ‘मुशीची’. बोट घसरलं.)

टाकणखार

आपल्याकडची जागा दाखवतो: पाऱ्याचे दोष. ग्रंथात नाग, वंग, मल, वह्नि, चांचल्य, विष, गिरि, असह्याग्नि अशी यादी येते. रूपकवाले यातलं ‘चांचल्य’ उचलतात आणि मन म्हणून मोकळे होतात. पण पहिले दोन पाहा. नाग म्हणजे शिसं, वंग म्हणजे कथील. बाजारातला पारा वजनाला वाढवायचा तर याच दोन धातू त्यात सहज विरघळतात. आणि यावर उपाय कोणता सांगितला? पातन, म्हणजे वाफ करून ती पुन्हा गार करणं. पारा ३५७ अंशांना उकळतो, शिसं १७४९ ला आणि कथील त्याच्याही वर. पारा वर चढतो, दोष बुडाशी उरतात. परीक्षा सोपी आहे: चिनी मातीच्या बशीत थेंब सोडा. शुद्ध पारा गोल पळतो, भेसळीचा पारा मागे शेपूट ओढतो.

हिंगुळातून पारा काढायचं डमरुयंत्र म्हणजे तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी. सांध्याला कापडमाती, खाली आच, वरच्या मडक्यावर ओलं फडकं. शुद्ध हिंगुळात वजनानं ८६ टक्के पारा असतो, पण एका फेरीत तेवढा कधीच हाती येत नाही. का? हिंगुळ म्हणजे पारा आणि गंधक. आत हवा पुरेशी असेल तर गंधक जळून जातो, पारा सुटतो. सांधा फार घट्ट आणि आत हवा कमी असली तर हिंगुळ जसाच्या तसा उडून वरच्या मडक्याला काळपट-लाल पापुद्रा होऊन बसतो. तो खरवडून पुन्हा लावावा लागतो. लोखंडाचा कीस किंवा चुना मिसळला तर तो गंधक धरून ठेवतो, पारा मोकळा होतो. सांध्याला तडा गेला तर पारा बाहेर, आणि त्याची वाफ ना दिसते ना वास देते. म्हणून इथे कुणी घरी करून पाहू नये. हे ग्रंथ समजायला लिहिलं आहे, परसात चूल मांडायला नव्हे.

पाऱ्यावरच्या अठरा संस्कारांपैकी (म्हणजे प्रक्रियांपैकी) स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन, बोधन, नियमन, दीपन हे पहिले आठ औषधापुरते पुरतात. पुढचे ग्रास, जारण, सारण, वेध (धातू पालटणं) वगैरे धातूसाठी आणि देहसिद्धीसाठी. मर्दनाला घालायची द्रव्यं पाऱ्याच्या षोडशांश, म्हणजे सोळाव्या हिश्शानं. रूपकात कुणी सोळावा हिस्सा मोजत नाही.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, हे सगळं बरोबर हाय, पन मले एक सांगा. पारा गाळाचाच होता तं त्याच्यासाठी दिशा पाहाची, दीक्षा घ्याची, शंकराची पिंड मांडाची गरज काऊन पडली? लोहार फाळ शेवटते तवा त्याले कोनी दीक्षा मागत नाई.

धुनी

ठेचाभाऊ, लोहारही दसऱ्याला ऐरण पूजतोच की. पण प्रश्न नेमका आहे आणि प्रिन्सिपे-न्यूमन यांचं माप आपल्या ग्रंथांना जसंच्या तसं लावता येत नाही, ते इथेच.

रसरत्नसमुच्चय या रसग्रंथात रसशाळा, म्हणजे पाऱ्याच्या कामाची जागा, कशी मांडायची ते दिलं आहे. पूर्वेला रसभैरव, आग्नेयेला भट्टीची कामं, दक्षिणेला दगड-खनिजांची, नैऋत्येला शस्त्रकर्म, पश्चिमेला धुणं, वायव्येला वाळवणं, उत्तरेला वेध आणि ईशान्येला तयार माल. अर्धी मांडणी देवाची, अर्धी कारखान्याची, आणि दोन्हींमध्ये रेघ ओढायला जागा नाही.

त्याहून चांगला दाखला रसलिंगाचा. तीन निष्क (जुनं वजन) सोन्याचा पत्रा, नऊ निष्क पारा. आंबट रसात एक याम, म्हणजे तीन तास, खलायचं आणि त्याचं लिंग वळायचं. मग ते जंबीर लिंबात ठेवून कांजीच्या दोलायंत्रात (टांगून शिजवायच्या भांड्यात) एक दिवस शिजवायचं. आता हे सोनाराच्या नजरेनं पाहा. पाऱ्याच्या मुलाम्याला जुने कारागीर एका भाग सोन्याला सहा ते आठ भाग पारा घेत, कारण तो लोण्यासारखा पसरायला हवा. इथे प्रमाण एकास तीन आहे. त्याचा घट्ट गोळा होतो, हातानं वळतो. लिंबाचा रस पत्र्यावरचा तांब्याचा मळ काढतो, म्हणून पारा नीट धरतो. कांजी शंभर अंशांच्या फार वर जात नाही, त्यामुळे पारा उडण्याऐवजी सोन्यात मुरतो. लिंग शिजताना नरम पडतं आणि थंड होताना स्फटिक बांधून आवळतं. म्हणजे ज्याची पूजा करायची ती मूर्तीच मोजूनमापून केलेला पारद-मिश्रधातू. ही कृती ‘रासायनिक’ रकान्यात टाकणार की ‘आध्यात्मिक’?

(जत्रेत ‘पारद शिवलिंग’ म्हणून मिळतं त्यात सोनं शोधू नका. पारा घट्ट करायला शिसं-कथील बरंच स्वस्त पडतं. तीर्थ म्हणून त्यावरचं पाणी पिऊ नये.)

दुसरा मुद्दा काळाचा. युरोपात आत्मिक अर्थ फार करून एकोणिसाव्या शतकात चिकटवला गेला, हे प्रिन्सिपे-न्यूमन यांचं म्हणणं बरंचसं पटतं. पण तिथेही सगळे गप्प बसलेले नाहीत. हेरवर्ड टिल्टननं मायकेल मायर या किमयागारावर काम करून दाखवलं की भक्ती आणि भट्टी त्याच्या लेखनात इतक्या सहज सुटी होत नाहीत. आपल्याकडे तर माधवाच्या सर्वदर्शनसंग्रहात (निरनिराळ्या दर्शनांच्या आढाव्यात), म्हणजे चौदाव्या शतकातच, रसेश्वरदर्शन हे स्वतंत्र दर्शन म्हणून बसलं आहे. शैव आहे, मुक्तीचं आहे, आणि त्याचं साधन पारा. हा अर्थ कुणी व्हिक्टोरियन बाईंनी आणून चिकटवलेला नाही.

टाकणखार

मान्य. पण माधवाचं वाक्य रूपकवाल्यांच्याही उपयोगाचं नाही, हेही पुढे जोडा. तो पाऱ्याला मनाचं चिन्ह म्हणत नाही. देह टिकला तर जिवंतपणी मुक्ती मिळेल, आणि देह टिकवायला पारा खायचा, असं त्याचं सरळ म्हणणं आहे. पारा हा शिवाचं वीर्य, अभ्रक-गंधक देवीचे, हेही ते लोक शब्दश: धरत. मोक्षही खरा, पाराही खरा. आज आपल्याला दोन्ही एकदम झेपत नाहीत म्हणून आपण एकाला रूपक करून टाकतो.

प्रफुल्लचंद्र राय यांच्या ‘हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासा’कडेही (दोन खंड, १९०२ आणि १९०९) याच नजरेनं पाहायला हवं. स्वत: कसलेले रसायनज्ञ, पाऱ्याचा नायट्राइट करणारे. त्यांनी ग्रंथातली यंत्रं, क्षार, धातू निवडून काढले, त्याचं ऋण मोठं आहे. पण पारतंत्र्यातल्या देशाला ‘आमच्याकडेही रसायन होतं’ हे दाखवायचं होतं, म्हणून तंत्राचा भाग त्यांच्याकडे टरफलासारखा बाजूला पडला. १९९६ मध्ये डेव्हिड गॉर्डन व्हाइटनं उलटं टोक पकडलं: नाथ, सिद्ध, हठयोग, रस, सगळं एकाच देहकल्पनेत. वाचायला जबरदस्त, पण त्यात भट्टी धूसर होते. कुपी कधी बंद करायची हे त्याला विचारून उपयोग नाही.

वऱ्हाडी ठेचा

मंग तुमी सांगा, कुपी कवा बंद कराची?

टाकणखार

सांगतो. रससिंदूर, म्हणजे पारा-गंधकाचं लाल औषध. आधी पारा आणि गंधक खलून काजळी. पाऱ्याची चमक कुठेच दिसू नये, बोटाच्या रेषांत भरावी. पुष्कळदा समभाग घेतात, म्हणजे गंधक गरजेपेक्षा फार जास्त, कारण शंभर भाग पाऱ्याला सोळा भाग गंधक पुरतो. उरलेला सगळा जाळून काढायचा असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे.

काचकुपीला कापडमातीचे सात थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. कुपी तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरायची, वालुकायंत्रात (वाळू भरलेल्या भांड्यात) बसवायची. मंद, मध्यम, तीव्र अशी आच. मध्यम आचेवर गंधकाचा धूर येतो आणि गळ्याशी थिजून बूच बसवतो. तापवून लाल केलेली सळई घालून गळा मोकळा ठेवावा लागतो. कंटाळा केला की आत दाब वाढतो आणि कुपी फुटते. पुढे तोंडाशी निळी ज्योत धरते, म्हणजे गंधक जळतोय. ज्योत विझली, तळ उगवत्या सूर्यासारखा लाल दिसला, तोंडावर धरलेल्या तांब्याच्या नाण्याला पांढरी झाक आली (म्हणजे आता पारा निघू लागला) की लगेच बूच. आधी लावलं तर कुपी फुटते, उशिरा लावलं तर माल हवेत. मग तीव्र आच. थंड झाल्यावर कुपी फोडली की लाल माल गळ्याशी मिळतो.

मकरध्वज या औषधात सोनंही असतं: एक भाग सोनं, आठ पारा, सोळा गंधक असं एक प्रमाण. पण सोनं उडत नाही. कुपीच्या बुडाशी पावडर होऊन तसंच राहतं, गळ्याशी चढतो तो पाऱ्याचा सल्फाइडच. इतिहासकाराला प्रश्न इथे पडायला हवा: करणाऱ्याला बुडाचं सोनं दिसत होतं, तो ते पुढच्या खेपेला वापरतही होता, तरी सोन्याशिवाय कृती पुरी मानत नव्हता. का? ‘सोनं स्पर्शून गेलं’ एवढं त्याला पुरत होतं. इथे मात्र रसायन संपतं आणि धुनी म्हणतात ते सुरू होतं.

पैनगंगाकाठ

आता शीर्षकातला शब्द. अपुनर्भव म्हणजे पुन्हा जन्म नाही, मोक्ष. रसरत्नसमुच्चयात अपुनर्भव ही भस्माची, म्हणजे धातू भाजून केलेल्या औषधी राखेची, परीक्षा आहे. भस्मात गूळ, गुंज, टाकणखार, मध, तूप घालून मुशीत फुंकायचं. धातूचा मणी परत आला तर भस्म कच्चं. नाही आला तर ते ‘अपुनर्भव’. जोडीला निरुत्थ: भस्म चांदीबरोबर वितळवायचं. चांदीला काही चिकटलं, वजन वाढलं तर नापास.

गूळ-मध-तूप जळून कोळसा होतो, तो प्राणवायू ओढून घेतो. टाकणखार मळी वितळवतो म्हणजे मणी एकत्र येतो. आजच्या भाषेत ही क्षपणाची चाचणी. पण धातू ‘मेला’ आणि ‘परत जन्मला नाही’ असं म्हणणाऱ्याच्या डोक्यात दुसरा अपुनर्भव नव्हता, हे कोण म्हणेल? रसार्णव या रसग्रंथात म्हटलंच आहे, यथा लोहे तथा देहे, जसं धातूवर तसं देहावर. त्याच्यापुढचा भाग लोक विसरतात: आधी लोहावर परीक्षा करा, मगच देहाला द्या. सोनं करणं हा हेतू असण्यापेक्षा पारा खाण्याजोगा झाला का याची ती पावती होती.

मोहफूल

मग ज्यांना खरंच सोनं झाल्यासारखं वाटलं त्यांचं काय? आणि नागार्जुन?

धुनी

सोन्याचं थोडक्यात. नागार्जुनाच्या नावावरच्या एका श्लोकात रसक तांब्याला तीन पुटांत (भाजण्यांत) कांचन करतो असं आहे. रसक म्हणजे जस्ताचं खनिज. तांबं अधिक जस्त बरोबर पितळ. रंगानं सोनंच, घनता मात्र साडेआठच्या आसपास, सोन्याची १९.३. कसोटीवर तेजाबाचा थेंब पडला की रेघ नाहीशी. हरताळातला सोमल तांब्यात गेला की तांबं पांढरं पडतं, ती ‘चांदी’. रंग बदलला म्हणजे धातू बदलला, असं समजायला त्या काळी पुष्कळ आधार होता.

जस्ताचीच गंमत पाहा. ते ९०७ अंशांना उकळतं आणि हवा लागली की पुन्हा पांढरी राख होतं. म्हणून वांग्याच्या आकाराची मूस उलटी ठेवून वाफ खाली गार भांड्यात उतरवायची. राजस्थानात जावरला अशा मुशींचे ढीग सापडले, एका भट्टीत ३६. मूस उलटी करताना माल पडू नये म्हणून नळीत काडी बसवत. ती जळून गेली की वाफेला वाट. ग्रंथातली ‘वृंताक मूषा’ कविकल्पना नव्हती, हे जमिनीतून निघालं.

नागार्जुनाचं जपून. ह्यूएनत्संगनं सातव्या शतकात लिहिलं आहे की दक्षिण कोसलात राजाचे पैसे संपले तेव्हा नागार्जुनानं औषध शिंपडून दगडांचं सोनं केलं. तो डोंगर कुठला यावर एकमत नाही. तिबेटी परंपरा नागार्जुनाचा जन्म विदर्भातला सांगते, आणि रामटेक-मनसरची आठवण तिच्याशी जुळते. पण शून्यवादी नागार्जुन दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला आणि रसग्रंथांचा नागार्जुन त्याच्या कित्येक शतकं नंतरचा. एका नावाखाली दोन माणसं आहेत. टेकडीला नाव आहे, ते परंपरेचं आहे. तिथे भट्टी होती असं त्यावरून ठरत नाही. भट्टीच पाहायची तर नाईकुंडची पाहा: नागपूर जिल्ह्यात महापाषाण काळातली लोखंड गाळायची भट्टी उत्खननात सापडली आहे. तिच्याभोवती एकही चमत्कार सांगितला जात नाही.

मोहफूल

लोणारच्या क्षाराचा संबंध येतो का? आईन-ए-अकबरीत तिथे काच-साबणाचा माल मिळतो असा उल्लेख आहे.

टाकणखार

सज्जीखार म्हणून येतो. तळ्याचं पाणी उन्हाळ्यात आटलं की कडेला पापडी धरते, ती सोड्याची. पण त्यात मीठही असतं, आणि पाऱ्याच्या कामात मीठ शिरलं की प्रकरण बदलतं. तुरटी-हिराकसासोबत पारा आणि मीठ तापलं की रसकापूर होतो, आणि तो जहाल विष. म्हणून ग्रंथात क्षार धुऊन, गाळून, पुन्हा आटवून घ्यायला सांगतात. तिथे ‘शोधन’ या शब्दाचा अर्थ धुणं इतकाच.

वऱ्हाडी ठेचा

शेवटचं. थे अपुनर्भवची परीक्षा लोखंडाच्या भस्माले लागू होते काय? लोखंड तं गोवऱ्यांच्या आगीत वितळतच नाई.

पैनगंगाकाठ

बरोबर पकडलंत. सगळ्या धातूंना ती सारखी लागू पडत नाही. शिशाची राख गुळाच्या कोळशानं सातशे अंशांच्या आतच मणी देते, तिथे परीक्षा कडक आहे. तांब्याचं भस्म पारा-गंधकानं केलेलं असेल तर ते बरंचसं सल्फाइड असतं आणि गूळ त्याला सहज परत आणत नाही. लोखंड वितळतं १५३८ अंशांना. गजपुट म्हणजे हातभर लांब-रुंद-खोल खड्डा, गळ्यापर्यंत रानगोवऱ्या, मध्ये शराव (मातीचं झाकणबंद भांडं), वर निम्म्या गोवऱ्या. तो चढून ९०० च्या आसपास जातो. फुंकणीच्या मुशीत थोडं वर. तेवढ्यात लोहभस्माचा थोडा भाग धातू झाला तरी त्याचा मणी बांधत नाही, भुसभुशीतच राहतो. म्हणजे डोळ्याला ‘परत आला नाही’ असंच दिसतं आणि भस्म पास होतं. लोहचुंबक फिरवून पाहता येईल, पण काळं लोहभस्म मूळचंच चुंबकाला चिकटतं. त्यामुळे फुंकण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, त्याच वजनाच्या चिमटीवर पाहावं लागेल.